फळझाडांचे अनुदान आणि हिशेबाची प्रकटता : महाराष्ट्राच्या अनुभवाचा एक ऐतिहासिक विचार

मुंबईच्या उपनगरांतून, म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा ठिकाणांहून, रोज सकाळच्या गाडीने कामावर जाणाऱ्या पगारदाराच्या वेतनपत्रकात 'व्यवसाय कर' या नावाची एक लहानशी वजावट असते. पूर्ण दराने हा कर भरणाऱ्यास दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाकाठी २,५०० रुपये द्यावे लागतात. ही रक्कम इतकी अल्प आहे की, ती कशासाठी कापली जाते हा प्रश्न बहुधा कोणाच्या मनात उद्भवत नाही. परंतु या वजावटीचा आणि कोकणातील डोंगरउतारावर किंवा सोलापूर जिल्ह्यातील माळरानावर उभ्या राहिलेल्या फळबागांचा इतिहासात प्रत्यक्ष संबंध आलेला आहे. तो संबंध कसा जुळला, त्यातून दिल्या गेलेल्या पैशाचा हिशेब कोणत्या कागदावर ठेवला गेला, आणि तो कागद कोणास पाहावयास मिळाला, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. कराचा उगम

रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून वि. स. पागे यांचे नाव घेतले जाते. १९६० पासून १९७८ पर्यंत ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी, आणि त्या कामातून शेतीस उपयोगी पडेल अशी टिकाऊ मत्ता निर्माण व्हावी, असे तिचे दुहेरी स्वरूप होते. १९७२ च्या दुष्काळाने या कल्पनेस राज्यव्यापी रूप दिले. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

कामाचा हक्क देणे सोपे असते. त्यासाठी दरवर्षी पैसा उभा करणे अवघड असते. महाराष्ट्राने हा प्रश्न स्वतंत्र करांनी सोडविला. त्यांतील प्रमुख कर म्हणजे १९७५ चा व्यवसाय कर होय. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवरील वाढीव कर, विक्रीकरावरील अधिभार, बागायत जमिनीवरील विशेष आकारणी इत्यादी मार्ग योजण्यात आले, आणि या करांतून जमेल तेवढीच रक्कम शासनाने आपल्या सर्वसाधारण तिजोरीतून घालावी असे ठरले. व्यवसाय करास संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने वर्षास २५० रुपयांची मर्यादा घातली होती; १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये करण्यात आली. वेतनपत्रकातील वर्षाची बेरीज नेमकी २,५०० का भरते, याचे उत्तर येथे आहे.

या कराचा फार मोठा भाग मुंबईतून येत असे, व मुंबईतही पगारदारांची वस्ती उत्तरोत्तर उपनगरांकडे सरकत होती. अंधेरी व घाटकोपर हे भाग १९५० मध्ये आणि बोरिवली व मुलुंड हे भाग १९५७ मध्ये बृहन्मुंबईच्या हद्दीत आले. व्यवसाय कर लागू झाला तोपर्यंत एकेकाळी शेतवाड्यांचा असलेला हा प्रदेश नोकरदारांचा झाला होता. शहराने खेड्यातील कामासाठी कर देण्यास विरोध का केला नाही, यासंबंधी अभ्यासकांनी असे सुचविले आहे की, दुष्काळात शहराकडे वाहणारा लोंढा गावातच थांबावा हा शहराचाही स्वार्थ होता. त्याचबरोबर, श्रम भूमिहीनांचे असले तरी त्यातून निर्माण होणाऱ्या बंधाऱ्यांचा व रस्त्यांचा अधिक लाभ जमीनधारकांना मिळतो, याकडे हेरिंग व एडवर्ड्स या संशोधकांनी १९८३ मध्येच लक्ष वेधले होते. पुढील घडामोडी समजण्यासाठी हा मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२. हजेरीपट

पाझर तलाव, नालाबांध, गावरस्ते ही रोजगार हमीची नेहमीची कामे होती. त्यांच्या हिशेबाचे मूळ परिमाण म्हणजे मनुष्यदिवस, आणि मूळ कागद म्हणजे हजेरीपट. या कागदात दोष नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. खोटी नावे, वाढवून लिहिलेले दिवस आणि फुगविलेली मोजमापे यांच्या तक्रारी योजनेच्या प्रारंभापासून ऐकू येत होत्या. तथापि हजेरीपटाच्या ठायी एक गुण होता. तो कामाच्या जागी भरला जाई. ज्यांची नावे त्यावर असत ती माणसे तेथे समोर असत. आणि न आलेल्या माणसाचे नाव त्यावर आले तर ते खोटे आहे हे सांगू शकणारे साक्षीदार शंभर असत. कागद सरकारचा, परंतु त्याची सत्यता पारखण्याचे सामर्थ्य गावाचे, अशी ही स्थिती होती.

साक्षीदार होते, पण त्यांच्या हाती कागदाची प्रत नव्हती. ही उणीव ओळखून ती दूर करण्याचा आग्रह राजस्थानात धरला गेला. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी भरविली, आणि सरकारी कामांचे हजेरीपट लोकांसमोर वाचून दाखविण्यात आले. माहितीच्या अधिकाराची देशव्यापी चळवळ अशा कागदांच्या वाचनातून वाढली, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. कायद्याचे तत्त्व मागाहून आले. आधी आला तो हजेरीपट.

३. १९९० चे वळण

शरद पवार मुख्यमंत्री असताना, १९९०-९१ पासून, महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेशी निगडित असा फळबाग लागवडीचा कार्यक्रम हाती घेतला. त्याच १९९० साली मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला, हा केवळ योगायोग. परंतु कर देणारा जिल्हा आणि अनुदान घेणारी खेडी एकाच वर्षी नव्या रूपात समोर यावीत, हे लक्षणीय वाटते.

या कार्यक्रमात रोजगार हमीच्या मूळ कल्पनेत एक मोठा बदल झाला. पूर्वीचे काम मुख्यतः सार्वजनिक होते. आता काम शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर आले. खड्डे खोदणे, कलमे लावणे, खत घालणे, पाणी देणे यांची मजुरी व साहित्य यांचा खर्च अनुदानरूपाने शेतकऱ्यास मिळू लागला. तो एकदम मिळत नसून तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने, आणि झाडे जगल्याच्या प्रमाणावर मिळे. आंबा, काजू, संत्रा, मोसंबी, डाळिंब, चिकू, पेरू, बोर, सीताफळ अशा अनेक फळझाडांना याचा लाभ झाला. कोरडवाहू शेतकऱ्यास फळझाड लावण्यात सर्वांत मोठी अडचण असते ती म्हणजे पहिली काही वर्षे उत्पन्न नसताना खर्च करीत राहण्याची. ती अडचण या योजनेने नेमकी हेरली होती, आणि तिचे यश मान्य न करणे अन्यायाचे होईल. योजनेपूर्वी राज्यात फळपिकांखाली सुमारे २ लाख ४२ हजार हेक्टर क्षेत्र होते. पुढील दोन दशकांत सरकारी आकडेवारीप्रमाणे ते १० लाख हेक्टरांच्या पलीकडे गेले.

या ठिकाणी साधनचिकित्सेचा एक प्रश्न उपस्थित होतो. लागवडीचा आकडा हा वर्षावर्षाच्या लागवडींची बेरीज असतो. तो आज उभ्या असलेल्या बागांचा आकडा असतोच असे नाही. दुष्काळात जळालेली संत्र्याची बाग, मर रोगाने उपटून टाकलेले डाळिंब, किंवा गुरांनी खाल्लेली काजूची रोपे लागवडीच्या बेरजेतून आपोआप वजा होत नाहीत. म्हणून 'किती लावले' आणि 'किती जगले' हे दोन आकडे अभ्यासकाने कधीही एकमेकांच्या जागी वापरू नयेत. त्यांतील पहिला आकडा अहवालांतून सहज मिळतो. दुसरा मिळविण्यासाठी गावोगावच्या तपासणीच्या नोंदी चाळाव्या लागतात.

४. जिवंत झाड हे परिमाण

हिशेबाच्या दृष्टीने १९९० चा खरा फेरबदल हा होता की, मनुष्यदिवसाच्या जागी जिवंत झाड हे परिमाण आले. तत्त्वतः हे परिमाण श्रेष्ठ आहे. मनुष्यदिवस सरला की त्याचा मागमूस उरत नाही. त्याविषयी वाद झाला तर कागदावरील अंगठ्यावाचून दुसरा पुरावा नसतो. झाड मात्र जागेवर राहते. ते लपत नाही, ते एका शेतातून दुसऱ्या शेतात जात नाही, आणि ते मोजण्यास अभियंता लागत नाही. शंभर कलमांच्या बागेत ऐंशी जगली की साठ, हे शेजारचा शेतकरी बांधावरून सांगू शकतो. सरकारी खर्चाच्या फारच थोड्या बाबी अशा असतील की, ज्यांची सत्यता पारखण्यास इतके अल्प ज्ञान पुरते.

असे असूनही व्यवहारात उलट घडले. परिमाण सोपे झाले, पण कागद दूर गेला. हजेरीपट कामाच्या जागी असे. झाडांच्या तपासणीची नोंद गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्याने करावयाची, ती तालुक्याच्या कचेरीत जावयाची आणि तेथील धारिकेत राहावयाची. पूर्वी एका कागदावर शंभर जणांचे हितसंबंध गुंतलेले असत; आता एका धारिकेत एकच शेतकरी आणि एकच कर्मचारी उरला. शेजाऱ्यास बाग दिसत होती, परंतु त्या बागेत किती झाडे जिवंत असल्याचे लिहून हप्ता दिला गेला, हे दिसत नव्हते. ज्याला मोजता येते त्याच्याजवळ कागद नाही आणि ज्याच्याजवळ कागद आहे त्याला प्रत्येक बाग मोजण्यास सवड नाही, अशी ही विसंगती होती. प्रामाणिक शेतकऱ्याचीही यात हानी होती. कारण त्याचे झाड जगले असता हप्ता का अडला, हे विचारण्यास त्याच्या हाती लेखी आधार नसे.

हेरिंग व एडवर्ड्स यांचा वर उल्लेखिलेला मुद्दा येथे पुन्हा येतो. सार्वजनिक बंधाऱ्याचा लाभ जमीनधारकास अप्रत्यक्षपणे मिळे. फळबागेचा लाभ तर थेट त्याच्या मालकीचा झाला. जेथे लाभ सार्वजनिक तेथे थोडी गुप्तता एकवेळ खपते. जेथे सार्वजनिक पैशातून खाजगी मत्ता उभी राहते, तेथे हिशेब उघडा असण्याची गरज अधिक असते. महाराष्ट्रात लाभ खाजगी होत गेला त्या वेळीच हिशेबही कचेरीच्या आत गेला.

५. माहितीचा अधिकार व नवी योजना

महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा पहिला कायदा २००० मध्ये केला. तो अपुरा ठरल्यामुळे २००२ मध्ये नवा कायदा आला, आणि त्यास राष्ट्रपतींची संमती मिळावी यासाठी अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईत आझाद मैदानावर उपोषण केले. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा अमलात आला. या कायद्याच्या चौथ्या कलमात, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता शासनाने स्वतः होऊन प्रसिद्ध करावयाच्या गोष्टींची यादी आहे. अनुदानाचे कार्यक्रम कसे राबविले जातात, त्यांसाठी किती रक्कम ठेवली आहे आणि लाभार्थी कोण आहेत, हा तपशील त्या यादीत स्पष्टपणे समाविष्ट आहे. म्हणजे फळझाडांच्या अनुदानाची यादी प्रकट असणे ही कोणाची मेहेरबानी नसून कायद्याने घातलेली जबाबदारी आहे.

त्याच वर्षी झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण करण्याची तरतूद केली, आणि लहान शेतकऱ्यांची फळबाग लागवड त्या योजनेत घेण्यात आली. तिच्या अटींत न बसणाऱ्या शेतकऱ्यांसाठी महाराष्ट्राने २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू केली. त्याच वर्षी निधन पावलेले कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर यांचे नाव तिला देण्यात आले. या योजनेत कोकणात १० हेक्टरांपर्यंत व इतरत्र ६ हेक्टरांपर्यंत लाभ ठेवण्यात आला. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे देण्याचे ठरले. पुढील हप्त्यांसाठी पहिल्या वर्षी किमान ८० टक्के व दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असली पाहिजेत, अशी अट घालण्यात आली. मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याचा, म्हणजे नांग्या भरण्याचा खर्चही धरण्यात आला. रक्कम थेट शेतकऱ्याच्या आधारसंलग्न बँक खात्यात जाऊ लागली.

बँक खात्यात थेट रक्कम जमा होणे हा मोठा सुधार आहे यात शंका नाही. मधल्या हातांची गळती त्यामुळे कमी होते. परंतु यालाच प्रकटता समजणे चुकीचे होय. या व्यवस्थेत पैशाचा माग कचेरीस दिसतो; गावास दिसत नाही. पैसा योग्य खात्यात गेला हे बँक सांगू शकते. ज्या झाडासाठी तो गेला ते झाड उभे आहे काय, हे बँकेस सांगता येत नाही.

६. खाजगीपणाचा आक्षेप

शेतकऱ्याचे नाव व त्यास मिळालेली रक्कम जाहीर करणे हे त्याच्या खाजगी जीवनावरील आक्रमण नव्हे काय, असा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला आहे. युरोपीय संघाच्या कृषी अनुदानाबाबत जर्मनीतील हेस्से राज्याविरुद्ध असा वाद झाला, आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, रक्कम किती, किती काळ व किती वेळा मिळाली याचा भेद न करता सर्व व्यक्तींची नावे सरसकट प्रसिद्ध करणे प्रमाणाबाहेरचे आहे. त्या निर्णयाने प्रसिद्धीचे तत्त्व मात्र नाकारले नाही. २०१३ मध्ये युरोपीय संघाने नवा नियम करून, लहान रकमा घेणाऱ्यांची नावे झाकून, बाकीची प्रसिद्धी पुन्हा सुरू केली. न्यायालयाने जो भेद मागितला होता, तो नियमाने केला.

भारतात हा प्रश्न अलीकडे अधिक तीव्र झाला आहे. माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातील वैयक्तिक माहितीविषयीच्या खंडात पूर्वी असे बंधन होते की, जिचा सार्वजनिक कार्याशी संबंध नाही किंवा जिच्यामुळे खाजगी जीवनावर अकारण आक्रमण होते अशीच माहिती नाकारता येईल, आणि तीही व्यापक लोकहित नसेल तर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने या खंडातील ही बंधने काढून वैयक्तिक माहिती एवढेच कारण ठेवले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती अमलात आली. लोकहितासाठी माहिती देता येईल असे त्याच कलमाचे दुसरे उपकलम अद्याप सांगते, व चौथ्या कलमातील लाभार्थींच्या तपशिलाची तरतूदही कायम आहे. परंतु एका कलमाने जे उघडे ठेवावयाचे ते दुसऱ्याचा आधार घेऊन झाकता येईल, अशी स्थिती निर्माण झाली आहे. एखाद्या कचेरीने लाभार्थींची यादी 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारली, तर विचारणाऱ्यास लोकहित सिद्ध करण्याचे ओझे उचलावे लागेल.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या आक्षेपाचे वजन एका गोष्टीने कमी होते. सातबाऱ्याचा उतारा येथे परंपरेने सार्वजनिक आहे. जमीन कोणाची, क्षेत्र किती, तीत पीक कोणते, हे गाव नमुना सात व बारा मिळून सांगतात, आणि फळझाडांखालील क्षेत्राची नोंदही पीक पाहणीत येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पाहणी शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून नोंदवू लागला. म्हणजे बाग कोणाची आहे हे कोणापासूनही लपलेले नाही. लपते ते एवढेच की, त्या बागेपैकी किती भागास सार्वजनिक पैसा मिळाला आणि किती जिवंत झाडांच्या नोंदीवर. मालकी उघडी आणि अनुदान झाकलेले, या व्यवस्थेचे समर्थन खाजगीपणाच्या तत्त्वावर करणे कठीण आहे.

७. उपसंहार

लेखाच्या शेवटी पुन्हा उपनगरांकडे वळणे उचित होईल. व्यवसाय कर ज्या वर्षी आला त्याच १९७५ साली महाराष्ट्राने नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचाही कायदा केला. या कायद्यान्वये वृक्ष प्राधिकरणाने दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावयाची असते, आणि झाड तोडण्याच्या अर्जाची जाहीर सूचना देऊन हरकती मागवावयाच्या असतात. २०१८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या गणनेत बृहन्मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. मुलुंडच्या रस्त्यावरील पिंपळ तोडावयाचा असेल तर त्याच्या बुंध्यावर नोटीस लागते व कोणीही हरकत घेऊ शकतो. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या पगारदाराच्या करातून दूरच्या खेड्यात लावलेल्या आंब्याचे पुढे काय झाले, हे मात्र त्यासही कळत नाही व त्या खेड्यासही कळत नाही. झाडे मोजता येतात व त्यांची मोजणी जाहीर करता येते, हे आपल्या राज्याने एका कायद्यात मान्य केले आहे. तेच दुसऱ्या ठिकाणी अशक्य का मानावे?

यासाठी नवीन यंत्रणेची आवश्यकता नाही. २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी अर्जदारांच्या याद्यांचे चावडीवाचन झाले होते. तीच रीत येथे लावता येईल. गट क्रमांक, फळाचा प्रकार, लावलेली झाडे, प्रत्येक वर्षी जिवंत आढळलेली झाडे आणि दिलेला हप्ता, एवढे पाच रकाने चावडीवर वाचले जावेत. आधार क्रमांक, बँक खाते, जात, दूरध्वनी यांपैकी काहीही त्यात नसावे. लहान रकमांची नावे गावापुरती राहावीत. मोठ्या रकमांची यादी सर्वांसाठी खुली असावी. युरोपने न्यायालयाच्या मार्गाने जो भेद शोधला, तो आपणास गावच्या चावडीवर सहज साधता येईल.

पागे यांच्या कल्पनेत काम आणि मत्ता या दोन गोष्टी एकत्र होत्या. तिसरी गोष्ट, म्हणजे साक्षीदार, हजेरीपटाबरोबर आपोआप आली होती आणि फळबागेच्या धारिकेत हरवली. ती परत आणणे हे फळबाग योजनेच्या हिताचेच आहे. कारण ज्या अनुदानाचा हिशेब गाव स्वतः मोजून घेऊ शकते, त्या अनुदानावर कर देणाऱ्याचा विश्वास अधिक काळ टिकतो, आणि ज्याने खरोखर झाड जगविले त्यास आपला हप्ता मागताना कोणाची मनधरणी करावी लागत नाही.